भावासाठी फ्लॅट घेऊ का? भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून येईल

नमस्कार,

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. तुम्ही इंग्लंडमध्ये मिडलँड्सला स्वतःच्या घरात राहता आणि पगारावर ४० टक्के दराने कर भरता. धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. तोही नोकरीसाठीच इकडे आला. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर मानसिक आजाराने त्याची नोकरी सुटली. आता त्याला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना दरमहा मिळणारी सरकारी मदत, घरभाड्याची मदत त्यातूनच येते) मिळतं आणि पिपही (दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठीचा भत्ता), त्यात दैनंदिन जीवनाचा, म्हणजे रोजच्या कामांतल्या अडचणींसाठीचा, भाग धरून. चार अनोळखी माणसांच्या घरात एका खोलीत राहून त्याची तब्येत आणखी बिघडते आहे. सांगलीहून आई म्हणतात, ‘‘छोटा फ्लॅट घे, त्याला राहायला दे, भाडं सरकार देईल.’’ फ्लॅटची किंमत १,६०,००० पौंड आहे. बाजारात त्याला महिना ७०० पौंड भाडं येईल, पण तुमच्या भागात एका बेडरूमच्या घरासाठी मिळणारी घरभाड्याची कमाल सरकारी मदत महिना ५७५ आहे. तुमच्याकडे ५५,००० पौंड शिल्लक आहेत.

आधी कायद्याचं. सख्ख्या भावाला घर भाड्याने देऊन त्याला घरभाड्याची मदत मिळू शकते. ‘नातेवाइकाला दिलं की मदत बंद’ असं आपल्या लोकांत सर्रास सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. आई-वडील, मुलं, भावंडं, सासू-सासरे किंवा यांचे जोडीदार घरमालक असतील आणि तेही त्याच घरात राहत असतील, तेव्हा ती मदत मिळत नाही. तुमचं घर वेगळं, त्याचा फ्लॅट वेगळा, त्यामुळे ही अट आड येत नाही.

दुसरी अट जास्त नाजूक आहे. भाडेकरार केवळ सरकारी मदत मिळवण्यासाठी रचलेला आहे असं दिसलं, तर अर्ज नामंजूर होतो. करार खरा आहे हे कागदावरून जितकं ठरतं, त्याहून जास्त तुमच्या वागण्यावरून ठरतं. भाडं दर महिन्याला बँकेतून यायला हवं. भाड्याचा आकडा त्या भागाशी सुसंगत हवा. ते थकलं, तर इतर कुणाकडे मागितलं असतं तसं तुम्ही मागायला हवं. ‘जमेल तेव्हा दे रे’ हे भाऊ म्हणून साहजिक आहे, पण तेच वाक्य व्हॉट्सॲपवर लिहिलंत तर पुढे ते त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतं. नातं कुठेही लपवू नका. तो आजही दुसऱ्या मालकाकडे भाड्याने राहतो आणि त्या भाड्यासाठी सरकारी मदत घेतो, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. ‘भाडं सरकार देईल’ या वाक्यावर तुम्ही कर्ज काढायला निघाला आहात, आणि हे उत्पन्न फार थोड्या आधारावर उभं आहे. ३५ वर्षांखालच्या एकट्या माणसाला एरवी सामायिक घरातल्या एका खोलीपुरतीच मदत मिळते. तुमच्या भावाला एका बेडरूमचा दर लागू होईल तो केवळ पिपमधल्या दैनंदिन जीवनाच्या भागामुळे. पिपची फेरतपासणी होत राहते. त्यात हा भाग गेला, तर ३५ वर्षं पूर्ण होईपर्यंत तो पुन्हा एका खोलीच्या दरावर येईल, आणि तुमच्या बँकेचा हप्ता मात्र तोच राहील. मानसिक आजारात अशा निर्णयांविरुद्ध अपील करून लोक जिंकतातही, पण अपिलाचे ते महिने कुणीतरी निभावून न्यावे लागतात. इथे ते तुम्हीच असाल.

शिवाय घरभाड्याच्या मदतीचे हे दरही दरवर्षी वाढत नाहीत. ते २०२० ते २०२४ गोठलेले होते. एप्रिल २०२४ मध्ये स्थानिक भाड्यांतल्या सर्वात स्वस्त ३० टक्क्यांच्या पातळीवर आणले आणि २०२५ मध्ये पुन्हा गोठवले. सोसायटीचा सर्व्हिस चार्ज असा कधी गोठत नाही.

आता हिशेब. तुमच्या नावावर आधीच घर असल्यामुळे स्टॅम्प ड्युटीवर ५ टक्के अधिभार लागतो. म्हणजे पहिल्या १,२५,००० वर ५ टक्के आणि उरलेल्या ३५,००० वर ७ टक्के, मिळून ८,७०० पौंड. खरेदीच्या वेळी स्वतः भरायच्या डिपॉझिटचे ४०,००० आणि वकील, सर्वेक्षण यांचे दोनेक हजार धरा. ५५,००० पैकी जेमतेम चार हजार उरतात. फ्लॅटचा बॉयलर आणि भावाचा आजार या दोन्हींसाठी मिळून तेवढेच.

१,२०,००० च्या कर्जावर ५.५ टक्के दर धरला, तर महिना ५५० पौंड नुसतं व्याज. सर्व्हिस चार्ज, विमा, गॅसची वार्षिक तपासणी यांना १५० धरा. भाडं ५७५ घेतलंत, तर महिना १२५ खिशातून जातात, आणि अजून कर यायचा आहे. तो बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसतो. २०२० पासून भाड्याच्या उत्पन्नातून व्याजाची वजावटच मिळत नाही, त्याऐवजी करात फक्त २० टक्क्यांची सूट मिळते. त्यामुळे व्यवहार तोट्यात असूनही तुम्हाला वर्षाला सुमारे १,०२० पौंड कर बसेल. सगळं धरून महिना २१० पौंड, दुरुस्ती वेगळी. मुद्दलही फेडायचं ठरलं, तर हप्ता ५५० ऐवजी सुमारे ७३७ होतो. मुद्दल फिटतं ते तुमच्याच घरात जमा होतं, हे खरं, पण महिन्याचा पैसा आणायचा कुठून हा प्रश्न राहतोच.

कर्ज मिळणंही सोपं नाही. घरात सख्खा भाऊ राहणार असेल, तर ते नेहमीचं बाय-टू-लेट (भाड्याने देण्याच्या घरासाठीचं कर्ज) धरलं जात नाही. त्याला राहत्या घराच्या कर्जासारखे कडक नियम लागतात आणि असं कर्ज देणाऱ्या संस्था थोड्या आहेत. बँकेपासून भाडेकरूचं नातं लपवून स्वस्तातलं कर्ज घ्या असं कुणी सुचवलं, तर त्या माणसाचा सल्ला पुन्हा घेऊ नका.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: आज, या शिलकीवर, कर्ज काढून हा फ्लॅट घेऊ नका.

त्याऐवजी त्याच भागात तसाच फ्लॅट दुसऱ्या कुणाकडून भावाच्या नावावर भाड्याने घ्या. भाडं ७००, मदत ५७५, मधले १२५ पौंड दर महिन्याला तुम्ही त्याला द्या. घरच्यांनी दिलेली अशी रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न धरली जात नाही, फक्त ती त्याच्या खात्यात साचू देऊ नका. वर्षाला १,५०० पौंडांत त्याला स्वतःचं दार मिळेल आणि तुमचे ५५,००० शाबूत राहतील. ‘बेनिफिटवाला नको’ म्हणून भाडेकरू नाकारायला १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कायद्याने बंदी आहे, आणि एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागायलाही. मालक जामीनदार मागेल. तुम्ही जामीन राहा, पण जबाबदारीची रक्कम आणि मुदत लिहून घ्या.

या पर्यायात उणं आहे ते एक, आणि आईंचं मन तिथेच अडकलं असणार. परका मालक फ्लॅट विकायला काढू शकतो. नव्या कायद्यात विनाकारण घराबाहेर काढण्याची वाट बंद झाली आहे. विक्रीसाठी पहिल्या वर्षात जागा रिकामी करून घेता येत नाही आणि चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तरीही अशा आजारात घर बदलणं हा मोठा धक्का असतो, हे मी हलक्यात घेत नाही. काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थेच्या) घरासाठी आजच नाव नोंदवा आणि अर्जासोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. रांग लांब असते, पण टिकाऊ घर मिळण्याची शक्यता तिथेच जास्त आहे.

फ्लॅटला हो कधी म्हणेन? कर्ज नसेल किंवा अगदी लहान असेल, वर्षभर एक पेनी भाडं आलं नाही तरी तुमचं घर चालेल, आणि पुढे तुमची नोकरी गेली तर भावाला नोटीस देण्याची वेळ येणार नाही, तेव्हा. मग रीतसर करार करा, भावाकडून भाडेकरू म्हणून डिपॉझिट घेतलंत तर ते ३० दिवसांत डिपॉझिट-संरक्षण योजनेत ठेवा, आणि आजारपणाचं कारण देऊन घरभाड्याची रक्कम थेट तुमच्या खात्यात येईल अशी विनंती त्याला करू द्या.

आईंनी सांगलीचा प्लॉट विकून धाकट्याच्या खात्यात पैसे पाठवायचं म्हटलं आहे. ते आजच थांबवा. ६,००० पौंडांच्या वर प्रत्येक २५० पौंडांमागे त्याचे महिना ४.३५ पौंड कापले जातात आणि १६,००० च्या वर युनिव्हर्सल क्रेडिट पूर्ण बंद होतं. भारतातली जमीन त्याच्या नावावर केली, तर तीही मालमत्तेत मोजली जाते. वाटा त्याच्यासाठी ठेवायचा असेल, तर विश्वस्तांच्या हाती निर्णय असलेला ट्रस्ट हा मार्ग आहे. असा पैसा एरवी त्याची स्वतःची शिल्लक धरला जात नाही. मृत्युपत्र करण्याआधी दोन्ही देशांतले वकील गाठा.

पुढच्या वेळी दोन गोष्टी नक्की कळवा. पिपच्या पत्रावर निर्णयाची मुदत कधीपर्यंत लिहिली आहे? आणि भावाला स्वतःला काय हवंय? तुमच्या लांबलचक पत्रात आईंचं मत आहे, वहिनींचं आहे, तुमचं आहे. त्याचं कुठेच नाही. एकटं राहायला तो तयार आहे का, आणि घरमालक म्हणून थोरला भाऊ त्याला चालेल का, हे त्यालाच विचारा.