पायऱ्या की सेल्फी पॉइंट? आधी संडास बांधा

प्रश्न : आमचं गाव साताऱ्याच्या डोंगरात आहे, गावाच्या वर पावसाळ्यात मोठा धबधबा पडतो. कोणीतरी रील टाकलं आणि आता शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. ग्रामपंचायतीत आधी पायऱ्या की सेल्फी पॉइंट यावर वाद चाललाय. गावातल्या पोरांना यातून काम मिळेल का?
– एक वाचक, जावळी तालुका

उत्तर : दादा, काम नक्की मिळेल, पण पायऱ्या आणि सेल्फी पॉइंट दोन्ही नंतर बघा, आधी पार्किंग आणि संडास. बायका लांबून येतात, भिजतात आणि मग गाडीच्या दाराआड कोणीतरी ओढणी धरायची आणि एकीने कपडे बदलायचे हे प्रत्येक धबधब्यावर दिसतं, मला याचं फार वाईट वाटतं. दोन पत्र्याच्या खोल्या आणि पाण्याची टाकी एवढ्यानेही भागतं. फक्त शोषखड्डा ओढ्याच्या काठाला अजिबात नको, तेच पाणी खाली वस्तीला जातं.

तुमच्या जवळचंच ठोसेघर एकदा कमिटीला घेऊन बघून या. तिथे समोरच्या गॅलरीतून धबधबा बघायचा, कठड्याच्या अलीकडून, दरीत उतरायचं नाही. जागा वनखात्याची असेल तर परस्पर सिमेंट ओतू नका, सातबारा काढा, रेंजर साहेबांना भेटा आणि गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती करून घ्या, म्हणजे प्रवेश फीचे पैसे गावातच सफाईला आणि पोरांच्या पगाराला वापरता येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. खाली भुरभुर असते पण वर माथ्यावर कोसळत असतो, आणि पाणी चढायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या की बाहेर निघायचं हे तुमच्या गुराख्यालाही कळतं, शहरातून आलेल्याला कळत नाही. म्हणून पहिला पगार शिट्टी आणि दोरी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांना द्या, आणि जोराचा पाऊस असेल त्या दिवशी गेट बंद म्हणजे बंद, सरपंचांचे पाहुणे आले तरी. गोव्यात दूधसागरला कुळ्याहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंदच असतात, सुरू झाल्यावरही लाईफ जॅकेट घालावंच लागतं, तरी लोक येतातच ना!

जेवणाचं म्हणाल तर मॅगीचे स्टॉल कशाला, ते सगळीकडे आहेत. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि गरम इंद्रायणीचा भात ठेवा, बचत गटाच्या बायकांकडे द्या, ऑर्डर आदल्या दिवशी फोनवर घ्या म्हणजे नासाडी होत नाही. राहायची सोय करायची असेल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात घराची नोंदणी करता येते. आणि प्लास्टिकच्या बाटलीमागे गेटवर डिपॉझिट घ्या, बाटली परत दाखवली की पैसे परत, हे या सिझनपासूनच सुरू करा.