कैरोत शिकताना साप्ताहिक सुट्टीत सिवा ओअ‍ॅसिस बघून होईल का?

फोंड्याहून एका सत्रासाठी कैरोला चाललाय, आणि सुट्टीच्या दोन दिवसांत पश्चिमेकडच्या वाळवंटातलं सिवा होईल की नुसती बसची दगदग होईल, असं तुम्ही विचारलंय. मी पेडण्याची. कैरोत शिकत होते तेव्हा हीच सहल केली. होतं, पण आधी अंतराचा अंदाज घ्या.

इजिप्तमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, रविवारी वर्ग सुरू. म्हणजे गुरुवारी रात्रीचीच बस धरायला हवी. समुद्रकाठच्या मरसा मत्रूह शहरामार्गे रस्ता साधारण साडेसातशे किलोमीटर पडतो. पणजीहून मुंबई करून पुढे नाशिक गाठायचं तर एवढंच होईल. मत्रूहनंतरचे शेवटचे तीनशे किलोमीटर म्हणजे निव्वळ सपाट, रखरखीत वाळवंट. वाटेत चौक्यांवर बस थांबवून कागदपत्रं बघतात. मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा, झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नका.

ओअ‍ॅसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तळं आणि काठावर चार खजुरीची झाडं येतात. सिवा तसं नाही. समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला तो एक लांबरुंद खोलगट भाग आहे. त्यात खजूर आणि ऑलिव्हच्या दाट बागा, जागोजाग गोड्या पाण्याचे झरे आणि मोठमोठी खारट तळी. झऱ्यांचं पाणी सहाराच्या पोटातल्या वालुकाश्माच्या थरांतून येतं. हजारो वर्षांपूर्वी तिथे पाऊस पडत होता, तेव्हाचं ते साठलेलं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वाळवंटातल्या या गावाची डोकेदुखी जास्तीचं पाणी ही आहे! १९८०च्या दशकापासून विहिरी भराभर वाढल्या. बागांना दिलेलं पाणी जमिनीतलं मीठ घेऊन चरांतून तळ्यांत उतरतं, तळी फुगतात आणि कडेच्या बागांच्या मुळाशी खारं पाणी चढतं. खाडीकाठची, बांध घातलेली खाजन शेती बघत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. फरक एवढाच की आपल्याकडे ओहोटी लागली की मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, पाणी नदीत निघून जातं. सिवाला ना नदी ना ओहोटी. सगळ्यात खालची जागा तीच, तर पाणी सोडणार कुठे? उन्हाने आटेल तेवढंच. गाडीवाल्याला हे विचारा, तो फोटोच्या जागा दाखवायचं विसरून शेतीवर बोलत सुटेल. निदान आमचा तरी सुटला.

मीठ काढून झालेल्या खाणींत पाणी साचून निळीहिरवी कुंडं झाली आहेत. अंग आपोआप तरंगतं. सोशल मीडियावर सिवाचे जे फोटो फिरतात ते बहुतेक इथलेच. अंगावर कुठे खरचटलेलं असेल तर मात्र उतरू नका. आगरवाड्याच्या मिठागरात उघड्या पायांनी फिरलेल्यांना वेगळं सांगायला नको.

गावाच्या मधोमध शाली नावाचा जुना किल्ला आहे. तेराव्या शतकात मीठ आणि चिखलाच्या ढेकळांनी बांधलेला. या बांधकामाला तिथे केर्शेफ म्हणतात. १९२६ साली तीन दिवस पाऊस लागला आणि त्यात किल्ल्याची इतकी पडझड झाली की लोक तो सोडून खाली राहायला आले. तीन दिवस! आपल्याकडे आषाढातल्या साध्या झडीला तेवढे लागतात. आता काही भागाची डागडुजी झाली आहे. संध्याकाळी वर जा.

अघूर्मीचं आमून या प्राचीन इजिप्शियन देवाचं देऊळ तासाभरात होतं. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडर कौल घ्यायला वाळवंट तुडवत इथवर आला होता. आता भिंती तेवढ्या उरल्यात, पण वरून सगळ्या बागा दिसतात. ‘क्लिओपात्राचा झरा’ नावापुरता क्लिओपात्राचा. गाव बऱ्यापैकी सोवळं आहे. मुली पाण्यात उतरणार असतील तर अंगभर टी-शर्ट घालावा, कोणी टोकत नाही. स्थानिक बायकांचे फोटो काढू नका.

वाळूच्या मोठ्या टेकड्यांत जीपने जायचं असेल तर लष्कराची परवानगी लागते. ती स्थानिक गाडीवाला किंवा हॉटेलवाला काढून देतो, पण शुक्रवारी उतरून शुक्रवारीच मिळेल असं धरून चालू नका, आधी फोन करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जाणं बरं. रात्री कडाक्याची थंडी असते, स्वेटर लागेलच. मार्चपासून खमसिनचे धुळीचे वारे सुरू होतात.

माझं मत विचाराल तर एक दिवस रजा काढूनच जा, कारण दोन रात्री बसमध्ये काढून मधले दोन दिवस पेंगत फिरण्यात मजा नाही. रजा मिळतच नसेल तर सिवाचा नाद सोडा आणि फयूमचं ओअ‍ॅसिस करा. कैरोपासून शंभरेक किलोमीटर. तिथलं पाणी झऱ्यांचं नाही, नाईलच्या जुन्या फाट्याचं, पण पुढे वादी अल-हितान आहे. तिथे वाळूत देवमाशांचे सांगाडे पडलेत, चार कोटी वर्षांपूर्वीचे, काहींना मागचे इवले पायसुद्धा आहेत. युनेस्कोने २००५ साली यादीत घेतलेली जागा. सकाळी निघून रात्री खोलीवर परत येता येतं, म्हणजे रविवारचा तासही बुडत नाही.