हिंदुस्तानी व्हायोलिन शिकल्यावर मुंबईत जॅझकडे कसं वळावं?

विशारदपर्यंत हिंदुस्तानी व्हायोलिन झालंय, फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली ऐकून वेड लागलंय, डोंबिवलीत राहता. वाजवण्याची पद्धत बदलावी लागेल का आणि यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

पोटाचं आधी. नुसत्या जॅझवर मुंबईत घर चालेल असं धरून चालू नका. शिकवण्या, रेकॉर्डिंग, लग्नं-समारंभ हे सगळं सोबत लागतंच, आणि त्यात कमीपणा काही नाही. खुद्द ग्रापेलींनी (जन्म 1908) तरुणपणी मूकपटांना साथ केली. गिटारवादक जँगो राइनहार्टबरोबरचं गाजलेलं पंचक (पाच वादकांचा बँड) 1934चं, तरी साठच्या दशकाच्या अखेरीस ते पॅरिसच्या हिल्टन हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर वाजवत होते. प्रसिद्धीची दुसरी मोठी लाट आली 1973च्या केंब्रिज लोकसंगीत महोत्सवानंतर, वयाच्या पासष्टीला. आपल्याकडेही 1935 साली ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझ बँड घेऊन आलेला लिऑन अ‍ॅबी व्हायोलिनवादकच होता. पुढे गोव्याच्या वादकांनी रात्री हॉटेल आणि दिवसा फिल्म स्टुडिओ अशी दुहेरी चाकरी वर्षानुवर्षं केली.

आता पद्धत. बैठक मोडू नका. कर्नाटक शैलीचे व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम जमिनीवर बसून, मुंडी पायाशी टेकवून वाजवतात आणि ग्रापेलींबरोबर त्यांची ध्वनिमुद्रिका आहे. जुळणी मात्र बदला. सा-प-सा-प मध्ये तारांमधलं अंतर एकदा पंचमाचं, एकदा मध्यमाचं असतं. जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य जुळणीत सगळीकडे पंचमच, त्यामुळे बोटांचा एकच नकाशा शेजारच्या तारेवर जसाच्या तसा सरकतो. जॅझमध्ये सा दर गाण्याला बदलतो, शिवाय सॅक्सोफोन-ट्रंपेटवाल्यांच्या सोयीने एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्या येतात, तेव्हा हा नकाशाच वाचवतो. खाली लावलेल्या जुन्या तारा ताणून वर नेऊ नका, तुटतील. धोबी तलावच्या दुकानांतून जी-डी-ए-ईचा नवा संच आणा आणि एकेक तार बदला. चारही एकदम काढल्या तर घोडी पडते, आतला साउंड पोस्टही (घोडीखालचा लाकडी खुंट) निसटू शकतो, आणि तो पुन्हा उभा करणं घरचं काम नाही.

सुरुवात बारा मात्राखंडांच्या (प्रत्येकी चार मात्रा) ब्लूजने करा, एफमध्ये. त्यातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, असे: चार खंड एफ सेव्हन, दोन बी फ्लॅट सेव्हन, दोन एफ, मग सी सेव्हन, बी फ्लॅट आणि शेवटचे दोन एफ. एफला सा माना. एफ सेव्हनची ओळख सांगणारे स्वर म्हणजे शुद्ध ग आणि कोमल नि. बी फ्लॅटवर जाताना ग उतरून कोमल ग होतो आणि कोमल नि उतरून शुद्ध ध. सी सेव्हनला शुद्ध नि आणि शुद्ध म. आधी एवढेच दोन-दोन स्वर लांब गजाने वाजवा. सोबतीला कुणी नसतानाही कॉर्ड बदलल्याचं ऐकू आलं पाहिजे. विशारदवाले इथेच अडकतात: एका रागाचे स्वर घेऊन बाराही खंड पार करतात. कानाला ते वाईट लागत नाही, पण खालची हार्मनी (कॉर्डांची साथ) बदलतेय याची वादकाला खबरच नाही, हे लगेच कळतं.

दुसरी अडचण गजाची. तानेत आपण एका गजात बरेच स्वर घेतो, त्यात स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, विरघळून जातो. मात्रेचे दोन भाग करा, पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. लय चढली की ते समान होत जातात. आता आखूड स्वर पुढच्या मात्रेच्या पहिल्या स्वराशी एकाच गजात जोडा. गजाचा मधला ते वरचा भागच वापरा, चार बोटांपेक्षा जास्त खेचू नका. मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा. मींड टाकून देऊ नका, पण ओळीला एकच पुरे.

राहिला आवाज. जॅझमध्ये व्हायोलिन मागे पडलं ते मुख्यतः ड्रम आणि ट्रंपेटसारख्या ब्रास वाद्यांपुढे ऐकू येईना म्हणून. ग्रापेलींच्या पंचकात व्हायोलिनसोबत तीन गिटार, एक डबल बास, ड्रम नाहीतच. अमेरिकन जॅझ व्हायोलिनवादक स्टफ स्मिथने 1930च्या दशकातच विजेवर आवाज वाढवला. तुम्हालाही घोडीवरचा पिकअप (कंपनांचा विजेचा संकेत करणारा) लागेल, बहुतेक पिझो प्रकारचा. तो थेट मिक्सरला जोडलात तर आवाज पातळ आणि खरखरीत येतो, कारण पिझो पिकअपला किमान एक मेगाओहमचा इनपुट लागतो. मध्ये प्रीअ‍ॅम्प (संकेत मिक्सरजोगा करणारी पेटी) ठेवा. मॉनिटर, म्हणजे वादकासमोरचा स्पीकर, घुमायला लागला तर 280 हर्ट्झच्या आसपास थोडं कापा, तिथे व्हायोलिनच्या पोकळीचा स्वतःचा नाद असतो. कर्कशपणा दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये सापडेल. साउंडवाल्याला हे ड्रम सुरू असतानाच करायला सांगा. रिकाम्या स्टेजवर लावलेला आवाज बँड उभा राहिला की हमखास बुडतो.