बग कळवताना काय उघडं, काय झाकलेलं
बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. ती कळवताना लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेली नोंद, जसाच्या तसा चिकटवू नकोस. त्यात टोकन (खात्यात शिरण्याची गुप्त खूण), आयपी पत्ता, फोल्डरच्या वाटेत तुझं नाव असतं. तेवढंच झाक, आवृत्ती, पायऱ्या आणि त्रुटीचा पूर्ण संदेश ठेव, नाहीतर बग कुणालाच पुन्हा घडवता येत नाही. चाचणीला खऱ्या ग्राहकांचा डेटा कधीच नको.

चुकून पासवर्डसारखी गुप्त किल्ली गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) कमिट झाली, म्हणजे नोंदवली गेली, तर आधी ती रद्द कर. पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही: गिटच्या इतिहासात ती राहते, इतिहास बदललास तरी इतरांनी घेतलेल्या प्रतींमध्ये (क्लोनमध्ये) उरतेच. तुझा ईमेल पत्ताही प्रत्येक कमिटसोबत जातो. म्हणून पहिल्या कमिटआधीच गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचा नोरिप्लाय पत्ता (खरा ईमेल झाकणारा) लाव.

सुरक्षेची त्रुटी सापडली तर मात्र उघड इश्यू (सर्वांना दिसणारी नोंद) नको. प्रकल्पाच्या सिक्युरिटी फाइलमध्ये दिलेल्या खासगी मार्गानेच कळव. गुगलचा त्रुटी शोधणारा गट, प्रोजेक्ट झीरो, त्रुटी उघड करण्याआधी दुरुस्तीला ९० दिवस देतो.