'आजोबा आता छान रुळलेत' हे ऐकून स्वस्थ बसू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. वडिलांना पक्षाघातानंतर पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या एका देखभाल केंद्रात ठेवलंय, आधी रोज 'मला घरी न्या' म्हणायचे, आता फोनवर 'हं' पलीकडे शब्द नाही, आणि तिथले लोक म्हणतात की आजोबा रुळलेत, काही त्रास देत नाहीत. केंद्र बदलावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या सासूबाईंबद्दल, माईंबद्दल, आम्हाला अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं.

मी डॉक्टर नाही. जे लिहितेय ते अनुभवातून आणि नंतर डॉक्टरांनी समजावलं त्यातून. फी, डिपॉझिट, स्वच्छता हे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात शिरत नाही.

खुब्याच्या ऑपरेशननंतर माईंना जिने चढणं शक्य नव्हतं आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून केंद्र. तिथल्या व्यवस्थापनाचा नियम होता की पहिला महिना घरच्यांनी भेटायला यायचं नाही, घरचे दिसले की म्हातारी माणसं रडतात आणि रुळायला वेळ लागतो. आम्ही विनंती केली, उत्तर आलं, 'नियम सगळ्यांना सारखा.' महिन्याने आत सोडलं तेव्हा माई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रोजचं शब्दकोडं सोडवल्याशिवाय आंघोळीला न उठणारी ही बाई, तिला वार सांगता येईना. व्यवस्थापक म्हणाले, वयोमानानुसार विस्मरण आहे. फाइल मागितली तर नातेवाइकांना दाखवत नाही म्हणाले. डॉक्टर कधी भेटतील, तर गुरुवारी. गुरुवारी गेलो तर ते येऊन गेलेले. माझ्या नवऱ्याने लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे औषधांचा कागद हातात आला.

त्यात रोज रात्री क्वेटियापिन लिहिलेली होती, म्हणजे गंभीर मानसिक आजारांवरची, सुस्ती आणणारी गोळी. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कारण लिहिलं होतं, 'रात्री हाका मारते.' अहो, त्यांच्या कानाच्या मशीनचे सेल संपले होते, चष्मा कपाटात कुलूपबंद होता, आणि रात्री बाथरूमला जायला त्यांना आधार लागायचा. म्हणून त्या हाका मारत होत्या! इतकं साधं कुणी विचारलं नाही. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मनोविकारतज्ज्ञाने तपासून, कारण सांगून, ठरावीक काळासाठी दिली तर त्यांचा उपयोग असतो. पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्ये छापायला लावलाय. माणूस शांत राहावा, रात्रपाळीला त्रास नको, एवढ्यासाठी ती देणं माझ्या मते अन्याय आहे. (कागदात असं काही सापडलं तर स्वतःहून गोळी बंद करू नका. आधी डॉक्टर.)

आता तुमच्या वडिलांचं. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला डिप्रेशन येतं. ते उपचाराने सुधारतं, पण कुणी ओळखलं तर. दुसरी शक्यता, मेंदूच्या भाषेच्या भागाला इजा झाली असेल तर मनात असूनही शब्द फुटत नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्ट हवा. तिसरी, डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक भान हरपून होणारा गोंधळ. त्यात माणूस आरडाओरडाच करतो असं नाही, कित्येकदा नुसता सुस्त आणि गप्प होतो, आणि मागे लघवीचा संसर्ग, कमी झालेलं सोडियम, बद्धकोष्ठ किंवा एखादी नवी गोळी असते. हा बदल तासा-दिवसांत होतो, म्हणून नेमका कधीपासून गप्प झालेत ते आठवून लिहून ठेवा. अचानक झाले असतील तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सोडियम, थायरॉइड, बी-12 आणि लघवी या तपासण्या करायच्या का, हे डॉक्टरांना विचाराच. माईंचं बी-12 फार खाली गेलेलं निघालं, शिवाय डिप्रेशन होतंच. दोन्हींवर उपचार झाले आणि ज्याला केंद्राने विस्मरण म्हटलं होतं त्यातलं बरंचसं ओसरलं.

डिप्रेशनसाठी वृद्धांची 15 प्रश्नांची एक चाचणी असते, हो-नाहीत उत्तरं द्यायची. ती तज्ज्ञाकडूनच करून घ्या. वडिलांना बोलताच येत नसेल तर ती चालणार नाही, तेव्हा जवळच्या माणसांकडून माहिती घेऊन पाहणी करतात. आणखी एक: नैराश्याच्या काही गोळ्यांनीच म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं, तेव्हा गोळी सुरू झाल्यावर रक्त कधी तपासायचं तेही विचारून ठेवा.

केंद्र बदलण्याआधी जेवणाच्या वेळी जा, भेटीच्या वेळी नाही. भरवतात कसं, बोलतात कसं, टीव्ही कुणाच्या आवडीचा लागतो, सगळं कळतं. कुणाला खुर्चीला बांधलंय का बघा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट आहे की शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येत नाही. तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, प्रत्येक वृद्धाश्रमाला लागू होईलच असं नाही, पण जिथे याहून वाईट वागवतात तिथे माझं माणूस मी ठेवणार नाही.

संध्याकाळी सगळ्यांना एका खोलीत बसवून भजन लावलं की मन सांभाळलं, ही समजूत मला पटत नाही. भजन आवडणाऱ्यांना आवडू दे. माईंना दुसऱ्या केंद्रात नेल्यावर सगळ्यात जास्त कशाने बरं वाटलं असेल तर त्यांच्या बटव्यात त्यांचे पैसे आले. मदतनीस मावशींच्या लेकीच्या परीक्षेला त्यांनी स्वतःच्या हाताने पेन घेऊन दिलं. चहा सहाला की सातला, हे त्या ठरवू लागल्या. तुमच्या वडिलांच्या हातात अशी कुठली गोष्ट देता येईल ते बघा, एका हाताने दाढी करू देण्याइतकी लहान असली तरी. मशीन, चष्मा, कवळी यांवर नाव घाला आणि सेलचं जादा पाकीट मदतनीसाकडे द्या, ऑफिसात नको.

तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलतात, घरच्यांनीही फोन केला तर चालतो. केंद्राबद्दल तक्रार असेल तर ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा 14567, सकाळी 8 ते रात्री 8.

भेटायला अडवलं किंवा कागद दाखवला नाही, तर आमच्यासारखा तोंडी बोलण्यात वेळ जाऊ देऊ नका, पहिल्याच दिवशी लेखी मागा आणि पोच घ्या. कागद मिळाला की गोळ्यांची नावं इथे टाकून आम्हाला विचारू नका, थेट मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. बाकी काहीही विचारायचं असेल तर इथे लिहा, मी रोज रात्री बघते.