आरतीच्या चालीवरची रील आणि व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस

आपले पत्र मिळाले. ते या सदरात घेताना गावाचे आणि माणसांचे उल्लेख मी गाळले आहेत. आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात आणि मुलगा एकवीस वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणेशोत्सवात मंडळातील चार मित्रांना घेऊन त्याने गणपतीच्या आरतीच्या चालीवर सव्वा मिनिटाची एक रील केली, ज्यात तालुक्याच्या आमदारांनी दोनदा केलेल्या पक्षांतराची आणि बसस्थानकासमोरच्या खड्ड्यांची टिंगल होती. चौथ्या दिवशी एका कार्यकर्त्याने फिर्याद दिली आणि रात्री साडेनऊला मुलाच्या व्हॉट्सॲपवर पोलीस ठाण्यातून एका कागदाचा फोटो आला, की उद्या सकाळी अकरा वाजता मोबाइलसह हजर राहावे. फोटोत भारतीय न्याय संहितेची २९९, ३५३(२) आणि ३५६(२) ही कलमे दिसतात. त्याच रात्री संपर्क कार्यालयातून निरोप आला, की मुलाने येऊन कॅमेऱ्यासमोर माफी मागितली तर प्रकरण मिटेल. मुलाने हजर राहावे का, माफी मागावी का आणि पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला जाण्यासाठी केलेल्या पासपोर्टच्या अर्जाचे काय होणार, असे आपण विचारले आहे. आपण स्वतः ‘परंपरा मानणारा माणूस’ असल्यामुळे मुलाची बाजू घ्यावी की त्याला चार शब्द सुनावावेत, हे कळत नाही, असेही आपण शेवटी लिहिले आहे.

मीही परंपरा मानणारा माणूस आहे, आणि आरतीची चाल आमदारांसाठी वापरलेली मला आवडलेली नाही. परंतु आवड-नावड हा एक प्रश्न आणि गुन्हा हा दुसरा प्रश्न, आणि आपल्याकडे अलीकडे सगळा घोळ या दोहोंच्या सरमिसळीतून होतो.

प्रथम नोटिशीकडे पाहू. तो कागद कोणत्या कलमाखाली काढला आहे, हे सर्वांत आधी वाचून घ्यावे. तपास आणि अटकेची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली काढलेली नोटीस साक्षीदाराला असते आणि कलम ३५(३) खाली काढलेली नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला असते, त्यामुळे दोन्हींत ‘हजर राहावे’ असेच लिहिलेले असले तरी परिणाम अगदी वेगळे होतात. आपण पाठवलेल्या फोटोत ३५(३) असे दिसते, पण जावक क्रमांकाची जागा कोरी आहे, गोल शिक्का नाही आणि गुन्हा रजिस्टर नंबरही नाही. सतेंदर कुमार अंतिल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी सर्व राज्यांना बजावले आहे, की अशी नोटीस कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच बजावली पाहिजे आणि व्हॉट्सॲप हा तिचा पर्याय नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपल्या मुलावर अजून नोटीस बजावली गेलेलीच नाही.

तरीही ‘नोटीस चुकीची आहे, मग जायचेच कशाला’ अशी भूमिका घेऊन घरी बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तांत्रिक मुद्दा न्यायालयात उपयोगी पडतो. पण तपासी अंमलदार ‘आरोपी मिळून येत नाही’ असा शेरा मारून मोकळा झाला, तर तो खोडून काढण्यात आपले पंधरा दिवस जातात. त्याऐवजी मुलाच्या सहीचा एक अर्ज आजच लिहावा: आपण तपासात सहकार्य करण्यास तयार आहोत, नोटीस रीतसर बजवावी, प्रथम खबरेची (एफआयआरची) प्रत द्यावी आणि परीक्षेच्या तारखा सोडून दिवस नेमावा. अर्जाच्या दोन प्रती ठाणे अंमलदाराकडे न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर तारीख, वेळ व सहीशिक्क्यासह पोच घ्यावी. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि उपअधीक्षकांना पाठवावा. प्रथम खबर संवेदनशील प्रकरणे वगळता चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, तेव्हा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ती आधी शोधावी. ती तिथे नसेल तर गुन्हा नोंदवला गेलाच नाही, फक्त तक्रार अर्ज आला आहे, ही शक्यताही मोठी आहे.

आता कलमांविषयी. ३५६(२) म्हणजे बदनामी. हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२२ प्रमाणे ज्याची बदनामी झाली त्यानेच न्यायालयात तक्रार करावी लागते. कार्यकर्त्याच्या भावना दुखावल्या म्हणून आमदारांची बदनामी सिद्ध होत नाही. आमदारांना वाटत असेल तर ते स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातील, शपथेवर सांगतील आणि मग खड्ड्यांबद्दलची उलटतपासणीही होईल. माझ्या अनुभवात ती वेळ कोणी सहसा येऊ देत नाही.

३५३(२) साठी खोटी माहिती, अफवा किंवा घबराट पसरवणारे वृत्त हवे आणि त्यामागे धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून गटागटांत वैर माजवण्याचा हेतू हवा. बिलाल अहमद कालू यांच्या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की या कलमाच्या जुन्या, म्हणजे भारतीय दंड संहितेतील, रूपासाठी किमान दोन समाजगट समोरासमोर असावे लागतात. पक्षांतर झाले ही गोष्ट खोटी नाही आणि बसस्थानकासमोरचे खड्डे ही अफवा नाही. आमदारांचे समर्थक चिडले असतील, पण समर्थकांचा जमाव म्हणजे कायद्याच्या अर्थाने समाजगट नव्हे.

उरते २९९, आणि खरे वजन याच कलमाचे आहे. ३५३(२) प्रमाणेच ते दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे आहे. चाल आरतीची असल्यामुळे फिर्यादीने धार्मिक भावनांचा मुद्दा पुढे केला आहे. मात्र हे कलम धर्माविषयीच्या प्रत्येक अनादराला लागू होत नाही. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमान एवढाच त्याचा विषय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणातच सांगून ठेवले. आपल्या मुलाच्या पिढीला कळेल असे उदाहरण महेंद्रसिंह धोनीचे आहे. एका व्यापारविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात, हातात निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू देऊन दाखवले होते आणि त्यावरून त्याच्यावर फौजदारी तक्रार झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि निष्काळजीपणाने किंवा नकळत झालेला अनादर या कलमात बसत नाही, असे म्हटले. मला ते मुखपृष्ठ तेव्हाही अभिरुचीहीन वाटले होते आणि आजही वाटते, पण निकाल बरोबर होता. मुलाच्या रीलमध्ये, आपण लिहून पाठवलेले शब्द खरे धरले तर, गणपतीविषयी एक अक्षरही नाही. आहे ते सगळे आमदारांविषयी आहे. शिवाय या कलमाखाली न्यायालयाला दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, तेव्हा ठाण्यात कलम लिहिले म्हणजे खटला उभा राहिला असे होत नाही.

अशा तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्रथमदर्शनी काही आहे का, हे चौदा दिवसांत तपासून पाहण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये मुद्दाम ठेवली आहे. त्यासाठी उपअधीक्षकांची परवानगी लागते. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून जामनगरला नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी भाषणस्वातंत्र्याच्या प्रकरणांत ही चौकशी करणे कसे उचित आहे, हे सविस्तर सांगितले. त्याच निकालात नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या १९४६ मधील न्या. व्हिव्हियन बोस यांच्या कसोटीचा आधार आहे: शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर आणि समंजस माणसाच्या मनावर, ज्याला प्रत्येक टीकेत संकट दिसते अशा दुबळ्या मनावर नव्हे. उपअधीक्षकांना द्यायच्या अर्जात हा निकाल तारखेसह नमूद करावा.

अटकेची भीती आपल्याला वाटते आहे, म्हणून सांगतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही, हे अर्नेश कुमार यांच्या २०१४ च्या निकालापासून ठरलेले आहे, आणि जो नोटिशीप्रमाणे हजर राहतो त्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. तरीही अटकपूर्व जामिनाचा अर्ज स्थानिक वकिलांकडून तयार करून ठेवावा आणि वकीलपत्रावर मुलाची सही आजच घ्यावी. प्रथम खबरेत २९९ किंवा ३५३(२) खरोखरच असेल तर तो सत्र न्यायालयात दाखल करावा, नसेल तर फाईलमध्ये राहू द्यावा.

मुलाने घाबरून रील खात्यावरून काढून टाकली, असे आपण लिहिता. ती काढली ते झाले. पण फोनमधील मूळ चित्रीकरण आणि मित्रांशी झालेला संवाद पुसू नये, कारण पुरावा म्हणून लागू शकणारी नोंद नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळाच गुन्हा होतो आणि मग मूळ प्रकरण फुसके निघाले तरी हे शेपूट चिकटून राहते. फोन मागितला तर तो पंचनामा करूनच द्यावा, पंचनाम्यात मॉडेल व आयएमईआय क्रमांक लिहिलेला पाहावा आणि जप्तीचे चित्रीकरण व्हावे असा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ चा दाखला द्यावा. माझ्या एका अशिलाने काही वर्षांपूर्वी ‘साहेब चांगले आहेत’ म्हणून फोन पासवर्डसह ठाण्यातल्या टेबलावर ठेवला आणि घरी निघून आला. पुढे सात महिने तो फोन कोणत्या कागदावर जमा आहे, हेच कोणाला सांगता येत नव्हते. जबाबाबाबत एवढेच, की पोलिसांसमोरच्या जबाबावर सही करण्याची सक्ती नाही आणि स्वतःला गुंतवणारे उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे.

संपर्क कार्यालयात मात्र मुलाला पाठवू नये. तिथे चित्रित झालेली माफी पुढे कबुली म्हणून वापरली जाण्याचा धोका आहे, आणि शिवाय ती त्याच्या नावासह कायम फिरत राहील. फिर्याद मागे घेण्याचे आश्वासनही पोकळ आहे, कारण दखलपात्र गुन्हा एकदा नोंदला की तो फिर्यादीच्या खिशात राहत नाही. निरोप देणाऱ्याने धमकी दिली असेल तर त्याचा नंबर, वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत आणि त्याची तक्रार वेगळी द्यावी.

आता मुलाची बाजू घ्यावी की त्याला सुनवावे, या आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवरून पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, आणि त्यातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारे ६६-अ हे कलम मार्च २०१५ मध्ये रद्द झाले. मे २०२२ मध्ये शरद पवारांविषयीचा पद्यवजा मजकूर पुढे पाठवला म्हणून अभिनेत्री केतकी चितळे चाळीसेक दिवस कोठडीत राहिली. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतावरून विनोदवीर कुणाल कामरावर गुन्हा नोंदला गेला, खारमधील सभागृहाची तोडफोड झाली, आणि त्याला अटक करू नये असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये सांगितले. तीन वेळा तीन वेगळी सरकारे होती आणि पोलिसांची चाल मात्र एकच होती. केतकीच्या वेळी आमच्याकडच्या, म्हणजे उजव्या विचारांच्या, मंडळींना अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवले होते. कामराच्या वेळी त्यांतल्या अनेकांना ‘मर्यादा’ आठवली. पलीकडच्या मंडळींनी हाच खेळ उलट्या क्रमाने केला. दंडविधानाचा अर्थ काटेकोरपणे, शब्दाला धरून आणि आरोपी कोणाचा आहे हे न पाहता लावायचा, ही जुनी आणि खरी पुराणमतवादी शिस्त आहे. राज्यसत्तेच्या हातात सोटा कमी असावा, असे म्हणणाऱ्या माणसाने आपला पक्ष सत्तेवर आला म्हणून सोटा लांब करून मागू नये.

आणि परंपराच पाहायची तर गणेशोत्सवातल्या मेळ्यांची पदे आठवावीत. सरकारची खिल्ली त्यांत इतकी असे, की ब्रिटिश पोलीस त्यांवर डोळा ठेवून असत. वगनाट्यातला सोंगाड्या राजाला त्याच्या तोंडावर हिणवत आला आहे, आणि राजाने त्यासाठी फौजदाराला बोलावल्याचे मी तरी कोणत्या फडावर पाहिलेले नाही. आपल्या मुलाचे विडंबन त्या तोडीचे नाही, यमकेही दोन ठिकाणी चुकली आहेत, पण त्याची वंशावळ तीच आहे. मर्यादा शिकवायची जागा आपले घर आणि मंडळाची बैठक ही आहे. देवाची चाल माणसाच्या टिंगलीसाठी वापरू नये, हे आपण त्याला जरूर सांगावे. मंडळातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटले असेल तर त्याने त्यांच्याकडे जाऊन, कॅमेऱ्याशिवाय, तसे बोलावे. ही गोष्ट आमदारांच्या कार्यालयाशी किंवा तपासी अंमलदाराशी जोडू नये.

पासपोर्टबाबत घाबरू नये. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) मधील अडथळा फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर लागू होतो, नुसती प्रथम खबर नोंदली गेली म्हणून लागू होत नाही. आणि उद्या न्यायालयाने दखल घेतलीच, तरी त्याच न्यायालयाच्या परवानगीने ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. मात्र पडताळणीच्या वेळी गुन्ह्याविषयी विचारले तर लपवू नये, कारण लपवलेली माहिती हे नकाराचे स्वतंत्र कारण ठरते.

प्रथम खबर खरोखरच निघाली आणि तिच्यात आपण सांगितल्याहून वेगळे काही नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली ती रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याइतका मजबूत आधार आहे. पण तो खर्च आधीच करू नये. उद्या सकाळी दहाच्या सुमारास स्थानिक वकिलांना बरोबर घेऊन अर्जाच्या दोन प्रती द्याव्यात. आपण स्वतःही जावे, पण बोलणे वकिलांवर सोडावे. पोच घेतलेल्या प्रतीचा आणि प्रथम खबर मिळाल्यास तिचा फोटो मला पाठवावा, म्हणजे पुढचे कागद पाहून सांगता येईल.