ॲप किंवा व्हीआर हेडसेटने दारू सुटते का?

भाऊ दारू सोडायला व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार नाही, घरात बोभाटा नको, म्हणून ॲपवर भागेल का आणि व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर लावला की आभासी जग दाखवणारा, हेडसेट कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. हेडसेट घेऊ नका. ॲपचं मात्र सविस्तर सांगते, कारण ह्याच प्रश्नावरून आमच्या घरात दोन भावांचं बोलणं तुटायची वेळ आली होती.

आमचे हे साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. पिणं वाढत गेलं, सकाळी चहाची कपबशी हातात ठरेना, तेव्हा मी व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं. मोठे भाऊजी पुण्याला आयटीत. ते म्हणाले, "केंद्रात टाकलंस तर उद्या पोरीच्या लग्नात लोक बोट दाखवतील. आता सगळं मोबाइलवर होतं." त्यांनीच पैसे भरून ह्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. रोज रात्री ते विचारायचं, आज घेतली का? "नाही" दाबलं की हिरवी खूण यायची, आकडा एकाने वाढायचा आणि रविवारी भाऊजींना रिपोर्ट जायचा. भाऊजी तो घरच्या ग्रुपवर टाकायचे, खाली सगळ्यांचे टाळ्यांचे इमोजी.

एका रात्री हे पायरीवर बसले होते. तोंडात मूठभर बडीशेप, तरी वास लपत नव्हता. मी ताट वाढून दारात उभी. फोन वाजला, ह्यांनी अंगठ्याने "नाही" दाबलं, हिरवी खूण आली. गाडीच्या डिकीत पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली क्वार्टर मला त्याच संध्याकाळी सापडली होती. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, "रिपोर्ट तर व्यवस्थित येतोय, तू उगाच संशय घेतेस." घरात राहणाऱ्या बाईच्या नाकापेक्षा त्या ॲपवर त्यांचा जास्त विश्वास होता. हे मला अजून लागतं.

त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. अमेरिकेत रीसेट नावाच्या ॲपला २०१७ साली एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली. व्यसनाच्या उपचारासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचं ते पहिलं ॲप. त्याच्या चाचणीत कोण व्यसनापासून दूर राहिलं हे नुसतं विचारून ठरवलं नव्हतं, लघवी तपासत होते. ॲप वापरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के दूर राहिले, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत साधारण १८ टक्के. फरक मोठा आहे, मी नाकारत नाही. पण ते बाह्यरुग्ण उपचार चालू असलेल्यांसाठीच होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि ज्याला फक्त दारूचंच व्यसन आहे त्याच्यासाठी तर ते नव्हतंच. ते काढणारी पेअर थेरप्युटिक्स ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

दारूसाठी मला पटलेलं काम विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गुस्टाफसन यांचं, ए-चेस नावाच्या ॲपचं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं, ३४९ लोकांवर केलेलं. नेहमीच्या बारजवळ आलात की फोन सावध करायचा, तलफ आली की एक बटण दाबून मदत मागता यायची. ॲपवाल्यांत अति पिण्याचे दिवस महिन्याला सरासरी १.३९, ॲप नसलेल्यांत २.७५. आता नीट वाचा: हे फोन दिले होते ते निवासी केंद्रातून उपचार संपवून बाहेर पडणाऱ्यांना. म्हणजे आधी केंद्र, मग ॲप. भाऊजींनी नेमकं उलटं केलं, आणि तुमच्याकडेही तेच चाललंय.

व्हीआरमध्ये तथ्य आहे. बार्सिलोनात दारूच्या रुग्णांना हेडसेट लावून रेस्टॉरंट, बार, पब आणि घर अशा जागा दाखवतात. तलफ उठते, थेरपिस्ट शेजारी बसून ती ओसरेपर्यंत रुग्णाला थांबवून धरतो. हे होतं कसं ते मी हेडसेटशिवाय पाहिलंय. शेवटी ह्यांना केंद्रात नेलंच. तिथे कुटुंबीयांच्या दिवशी नकार द्यायचा सराव चालला होता. दुसऱ्या एका पेशंटने ह्यांच्या मित्राचं सोंग घेतलं. स्टीलच्या ग्लासात कोरा चहा, पुढ्यात वाटीभर शेंगदाणे. "एकच घे रे, पगार झालाय, कोण बघतंय?" ग्लासात चहा आहे हे ठाऊक असून ह्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. कौन्सिलर हळूच म्हणाले, "थांबा, सोडू नका, ही उतरेल." आणि उतरली. ह्या सगळ्यात कौन्सिलर शेजारी होता, हे महत्त्वाचं. तुमच्या भावाने बंद खोलीत एकट्याने हेडसेट लावून बार पाहिला, तर उठलेली तलफ घेऊन तो जाणार कुठे? शिवाय आमच्या ह्यांची तलफ स्टँडमागच्या परमिट रूमची, हळदीच्या रात्रीची, जत्रेतल्या मटणाची. परदेशी पबच्या चित्राने ती कितपत उठेल, मला शंका आहे.

ॲप घ्यायचंच तर केंद्रातून आल्यावर, फॉलोअप चालू ठेवून घ्या. गावाजवळ मानसोपचारतज्ज्ञ नाही, अशांना फोनचा आधार मोठा आहे, हेही खरं. मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी नंबर फुकट आहेत. भाऊ तयार नसला तरी तुम्ही स्वतः लावा, घरच्यांनीही बोलायचं असतं.

एक गोष्ट वर लिहायला हवी होती: तो रोज भरपूर पीत असेल तर कुठल्याही ॲपच्या जोरावर एकदम बंद करायला लावू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आणि बोभाट्याचं म्हणाल तर, ह्यांना केंद्रात नेलं तेव्हा गल्लीत एकालाही आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांना कधीचं माहीत होतं. शेजारच्या काकूंनी तर परस्पर पोरीचा डबा करून दिला. लपवत होतो ते फक्त आम्ही, आणि त्यात सगळ्यात जास्त भाऊजी. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना मी पहिल्या बैठकीतच सगळं सांगितलं. भाऊजी शेजारीच बसले होते. व्याह्यांनी एवढंच विचारलं, "आता व्यसनमुक्तीच्या मीटिंगला जातात ना?"